नवरदेवाचं वजन किती?

हा प्रश्न फोनवर विचारायला मला दोन वर्षं लागली. समोर बहुतेक वेळा नवरदेवाचा मामा नाहीतर काका असतो. घोडी पांढरी आहे ना, छत्री आहे ना आणि शेवटचं काय घेणार, एवढंच त्याला विचारायचं असतं. त्यात आपण मध्येच "नवरदेवाचं वजन किती?" म्हटलं की तिकडे शांतता पसरते. एका काकांनी तर "बाई, मुलगी आम्ही बघून ठेवलीय, तुम्ही कशाला चौकशी करता?" असं सुनावून फोन ठेवला होता.

पण वरातीला आम्ही भाड्याने देतो ती आमची घोडी, मैना, साडेतीनशे किलोची आहे. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं ओझं पाठीवर घ्यावं, असं जाणकार सांगतात. म्हणजे सत्तर किलो, आणि त्यात खोगीर, झूल, साज सगळं आलं. तासाभराच्या संथ चालीला मी ऐंशीपर्यंत ताणते. हल्लीचा नवरदेव शेरवानी, फेटा आणि तलवारीसकट किती भरतो ते तुम्हीच बघा. वर पुढ्यात करवला बसवायचा आग्रह असतो तो वेगळाच.

मी मूळची हिशेबाची बाई. नाशिकच्या एका पतसंस्थेत क्लार्क होते, पगार नऊ हजार. नवरा अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. २०१८ च्या पावसाळ्यात त्याचं कंत्राट संपलं आणि पुढचं आलंच नाही. आडगावच्या पुढे आमची दीड एकर जमीन आहे, तिथे म्हशीचा एक रिकामा गोठा होता. आणि घरात होते आप्पा, म्हणजे माझे सासरे. नाशिकमध्ये टांगा स्टँड हे नाव अजून आहे, टांगे गेले. आप्पांचा टांगा नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी असा चालायचा. रिक्षा वाढल्या तसा त्यांनी तो विकला आणि पुढे वॉचमनची नोकरी धरली. तरी रस्त्यात कुठे घोडा दिसला की ते अजून थांबतात, आधी पाय बघतात, मग तोंड.

त्याच पावसाळ्याआधी नात्यातल्या एका लग्नात मी घोडीवाल्याला पाच हजार मोजून घेताना पाहिलं होतं. जेमतेम तासभराचं काम! मी रात्री वहीत मांडणी केली. वर्षाला साठ लग्नं धरली, चार हजारांनी दोन लाख चाळीस हजार. सकाळी आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच वही परत दिली आणि म्हणाले, "साठ दिवसांचं लिहिलंस पोरी. उरलेले तीनशे दिवस घोडी काय खाणार, हवा?"

तेव्हा मला तो म्हातारपणीचा नन्नाचा पाढा वाटला.

घोडी घ्यायला आम्ही डिसेंबरात सारंगखेड्याला गेलो. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मालेगाव, धुळे, दोंडाईचा करत पोचायला आम्हाला सात तास लागले. मारवाड, काठियावाड, पंजाबकडचे व्यापारी तंबू ठोकून बसलेले असतात. काही घोडे असे की त्यांच्यापुढे माणसं सेल्फीला रांग लावतात, किमती लाखांत काय, त्याच्याही पुढे. आमच्याकडे एक लाख दहा हजार होते, त्यातले पन्नास हजार मुद्रा योजनेतल्या शिशु कर्जाचे.

मला हवी होती नुकरा. पांढरीशुभ्र, गुलाबी कातडीची. वरातीला तीच चालते. पण बरी नुकरा अडीच लाखांच्या खाली कोणी दाखवेना. दिवसभर हिंडून मी हिरमुसले, आप्पा मात्र एका राखाडी घोडीपाशी रेंगाळत होते. अंगावर शिसपेन्सिलीने रेघोट्या माराव्यात तसा रंग. घोडेवाले त्याला सब्जा म्हणतात. मी म्हटलं, आप्पा, ही मळकट घोडी कोण नेणार लग्नाला? त्यांनी मला बाजूला घेतलं. "सब्जा जन्मतो काळा, मरतो पांढरा. आत्ता पाच वर्षांची आहे. तीन वर्षं थांब, लोक हिलाच पांढरी म्हणून मागतील. नुकऱ्याचे पैसे आज कशाला द्यायचे?"

सौद्याआधी त्यांनी काय काय केलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. दात बघितले. पाच वर्षांत दुधाचे सगळे पुढचे दात पडून पक्के आलेले असतात आणि त्यांच्या माथ्यावरचे काळे खळगे अजून शाबूत असतात. पुढे सहाव्या-सातव्या वर्षापासून ते एकेक करून बुजत जातात. डोळ्यापुढून हात फिरवून पापणी हलते का पाहिलं. चारही खूर उचलून त्यांचा वास घेतला. खुराच्या तळाशी सड असली तर घाण वास येतो. मऊ रेतीवर घोडी चालवून दाखवत होते, ती त्यांनी कडक रस्त्यावर चालवायला लावली, कारण रेतीत लंगड लपते. व्यापारी मानेवरचा भोवरा दाखवून "देवमण आहे, घराची भरभराट होईल" म्हणत होता, तिकडे त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

मग म्हणाले, उद्या बघू. मला वाटलं किंमत पाडायची युक्ती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, दात वाजवणाऱ्या थंडीत, त्यांनी मला उठवून न सांगता त्या तंबूपाशी नेलं. व्यापारी झोपलेला. घोडी बसलेली होती. आप्पा लांब उभे राहिले, ती उठेपर्यंत. ती पुढचे पाय टाकून एका झटक्यात उठली, अंग झाडलं, चार पावलं चालली. "झालं," आप्पा म्हणाले. "दिवसा सगळ्याच घोड्या धडधाकट असतात. चार वेळा फिरवून सांधे गरम केले की दुखणं झाकतं. झोपेतून उठताना खोटं बोलता येत नाही."

भाव रुमालाखाली ठरला. दलालाने रुमाल टाकला आणि दोघांची बोटं आत काय ती बोलली. एक लाख चाळीस हजारांवरून ब्याण्णव हजारांवर आलं. इसार दिला, बाजार समितीची पावती झाली. घोडीच्या तोंडात आतून काटे असलेला लगाम होता आणि ओठांचे कोपरे घट्टे पडून पांढरे झालेले. हा काटेरी लगाम ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी बंद केलेला आहे, पण तिथल्या दुकानांत साजाशेजारी राजरोस टांगलेला होता. आप्पांनी तो तिथेच काढून व्यापाऱ्याला परत केला आणि साधा गुळगुळीत लगाम विकत घेतला. तोंड मेलेल्या घोडीला मग कितीही ओढा, म्हणाले.

पहिले दोन महिने एक रुपया आला नाही, आणि आम्ही तो मागितलाही नाही. वरातीच्या घोडीला खरं शिक्षण आवाजाचं लागतं. मैनाच्या तोंडाला चंदीचा तोबरा चढवला की नवरा पन्नास पावलांवर स्पीकरवर गाणी लावायचा, आधी हळू. रोज थोडा आवाज वाढवायचा, थोडा जवळ आणायचा. चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा, भरडलेला जव आणि गव्हाचा कोंडा. तिच्या डोक्यात डीजे आणि हरभरा यांची सांगड बसली पाहिजे, एवढीच आमची अक्कल. महिन्याभरात गाणं लागलं की ती तोबरा शोधायला लागली. फुगे, छत्र्या, रंगीत दिवे, सगळं असंच. मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांना काम मिळालं.

कागदांचं सांगायला फार नाही. उद्यम नोंदणी घरबसल्या होते, फक्त 'वरातीची घोडी' असा प्रकार त्या यादीत नाही, मग जवळचं काहीतरी निवडायचं. ग्रामपंचायतीचा दाखला एका आठवड्यात आला. विम्याला आलेला एजंट म्हणाला, ओळख पटायला कानात बिल्ला मारावा लागेल, गाईंना असतो तसा. पिवळा बिल्ला लावून नवरदेव मिरवायचा का? फोटो आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या खुणांवर भागवायला त्याला राजी करेपर्यंत दोन महिने गेले.

पहिला परण्या फेब्रुवारीत निघाला. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोडीवरून मारुतीच्या पाया पडायला जातो, तो परण्या. गावातलाच होता, ओळखीचा, तीन हजारांत. मैना मारुतीपर्यंत गेली, परत आली, वाटेत एकाच्या फेट्याचा शेमला चावला, बाकी काही नाही. माझ्या पोटात मात्र दिवसभर गोळा होता.

मेमध्ये तो गोळा खरा ठरला. एका लॉन्सवरची वरात. डीजेला सवय झालेली, दिव्यांना झालेली. कागदाचे तुकडे उडवणारी ती तोफ मात्र आम्ही कधी दाखवलीच नव्हती. ती मैनाच्या कानापासून दोन हातांवर उडाली. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. नवऱ्याने लगाम सोडला नाही म्हणून ती उधळली नाही, पण नवरदेव घसरगुंडीवरून उतरावा तसा पाठीमागून खाली आला, आणि घोडी खाली आली ती एका पाहुण्याच्या पायावर. अंगठ्याचं हाड मोडलं. दवाखान्याचे साडेसहा हजार आम्ही भरले, वरातीचे पैसे घेतले नाहीत. परत येताना टेम्पोत नवरा एक शब्द बोलला नाही. मैनाला दरदरून घाम फुटला होता आणि ती थरथरत होती.

त्या रात्री मी पावतीपुस्तक नवीन छापायचं ठरवलं. पावतीमागे अटी. डीजेपासून वीस पावलं पुढे घोडी. फटाके, तोफ, धूर नाही. पाठीवर एकच माणूस. दीड तासाच्या वर नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ नाही. ही शेवटची अट मी मनाने घातलेली नाही. त्याच १९६५ च्या नियमांत तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे या वेळेत जनावराकडून काम घेऊ नये असं आहे, आणि नाशिकचा मे सदतिसाच्या वर असतोच. अडचण अशी की मुहूर्त असतो १२ वाजून ३५ मिनिटांचा. परण्या दहाला निघतो म्हणतात आणि निघतो साडेअकराला, कारण फेटे बांधणारा एक आणि डोकी चाळीस. मी फोनवर "अकराला घोडी परत निघेल, तुम्ही असा नसा" असं सांगायला लागले तेव्हा पाचातले दोन गिऱ्हाईक गेले. वर्षभराने त्यातला एक परत आला.

३१ डिसेंबर २०१९ ला मी वही मांडली. वर्षभरात ३१ कामं झाली होती, सरासरी साडेतीन हजारांनी १,०८,५००. टेम्पो आणि घोडी सांभाळणारा मोतद्दार मुलगा मिळून दर कामाला बाराशे, म्हणजे ३७,२०० गेले. चारा, चंदी, नाल, जंताचं औषध, धनुर्वाताची लस असं धरून महिन्याला सहा हजार, वर्षाचे ७२,०००. वजाबाकी केली. सातशे रुपये तोटा. त्यात लागलेल्या पायाचे साडेसहा हजार आणि कर्जाचे हप्ते मी धरलेच नव्हते.

तीनशे दिवस ती हवा खात नव्हती, आप्पांचं खरं होतं. पण मी आधीच चुकीचा धडा घेतला होता. टेम्पोचा आणि माणसाचा खर्च एकच, मग घोड्या दोन का नकोत? त्याच महिन्यात आम्ही दुसरी घोडी घेतली होती, एक लाख दहा हजारांची, तीही कर्ज काढून. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला. एप्रिल-मेच्या बावीस तारखा होत्या, बावीस जणांचा इसार परत केला. ऑगस्टमध्ये दुसरी घोडी पंचावन्न हजारांना विकली. एवढंच.

मैनाला विकायची वेळ आली नाही ती शेजारच्या सोसायटीतल्या एका मुलीमुळे. शाळा बंद, मुलं घरात कोंडलेली. ती रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन उभी राहायची. एक दिवस आप्पांनी तिच्या हातात खरारा दिला. खरारा म्हणजे अंग घासायचा दातेरी ब्रश, मानेकडून पाठीकडे, केसांच्या दिशेने. आठवडाभर तिने तेवढंच केलं. मग आप्पांनी तिला उघड्या पाठीवर बसवून मोरकी धरून चालवलं. महिन्याभरात सात मुलं झाली, पुढच्या दिवाळीपर्यंत बारा. रोज सहा मुलं, प्रत्येकी वीस मिनिटं, आणि घोडीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. पंचेचाळीस किलोंच्या वर कोणी नाही, हेल्मेटशिवाय कोणी नाही. फी पंधराशे. महिन्याला अठरा हजार, आणि मुहूर्त असो नसो. मुलं शिकतात ती चाल आणि दुडकी, भरधाव नाही.

काही पालकांना पहिले पंधरा दिवस लीद उचलायची अट पटत नाही. "फी भरून शेण काढायचं?" असं एका आईने विचारलं. मी म्हटलं, घोड्याची लीद बघायला शिकला नाही तो घोडा शिकला नाही. हे मी पुस्तकातून म्हटलं नव्हतं, जुलै २०२१ ची एक रात्र डोक्यात होती.

कडबा संपत आला होता. पावसाने नवीन गाडी येईना. एकाकडे गव्हाचा भुसा स्वस्तात मिळत होता, सगळ्या पोत्यांवर मिळून चारशे रुपये वाचत होते. मी एका दिवसात कडबा बंद करून भुसा सुरू केला. आप्पा गावाला गेले होते, नाहीतर त्यांनी करू दिलं नसतं. घोड्याचा चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस जुन्यात नवा मिसळत बदलायचा असतो.

चौथ्या रात्री अकराला मी चंदी द्यायला गेले तर मैना तोंड फिरवून उभी. मग तिने मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. पुढचा पाय जमिनीवर ओढला. परत पोटाकडे पाहिलं. आणि बसली, उठली, पुन्हा बसून लोळायला लागली. पोटशूळ. तोपर्यंत मी हा शब्द फक्त ऐकलेला. घोड्याला उलटी होत नाही, त्याच्या जठराच्या तोंडाची घडणच तशी आहे, त्यामुळे आत जे अडकलं ते मागूनच जायला हवं, नाहीतर घोडा जातो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते, पण फोनवर प्रामाणिकपणे म्हणाले, माझा हात गाईम्हशींचा. त्यांनीच दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. ते निघाले सिन्नरच्या पलीकडून, पावसात. तोवर काय करायचं ते फोनवर सांगत राहिले. खाणं काढून घ्या. लोळू देऊ नका, हळू चालवा, दमवू नका. हिरडीवर बोट दाबून सोडा, पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. आमच्याकडे चार मोजून झाले तरी होईना. जबड्याखालच्या शिरेवर ठोके मोजा. शांत उभ्या घोड्याचे मिनिटाला तीस-चाळीस असतात, मी मोजले ते चौसष्ट. बरगडीमागे कान लावा. एरवी घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते, लांबवर बैलगाडी जावी तशी. मी कान लावला. काही नाही. पावसाचाच आवाज.

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. "हिंग आणि दारूची बाटली पाज तिला, आम्ही तसंच करायचो." मी डॉक्टरांना विचारलं, ते जवळजवळ ओरडलेच. बाटलीने पाजलेलं श्वासनळीत गेलं तर पोटाआधी फुप्फुस जाईल. आप्पांचं न ऐकण्याची माझी ती पहिली वेळ. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टर आले अडीचला. दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, नाकातून लांब नळी जठरापर्यंत सरकवली आणि त्यातून पातळ पॅराफिन आणि कोमट पाणी सोडलं. नवरा मोरकी धरून उभा, मी टॉर्च धरून. मग चालवणं. गोठ्यापासून रस्त्यापर्यंत एकशे दहा पावलं, परत एकशे दहा. साडेतीनला तिने लोळायचं सोडलं. चारला पोटात एक बारीकशी गुरगुर झाली. पाच वाजून दहा मिनिटांनी तिने शेपटी उचलली. पहिले गोळे सुपारीसारखे कडक, चिकट, वरून तेल लागलेले. नवरा ओल्या जमिनीवर बसला आणि हसायला लागला. डॉक्टरांनी एक गोळा चिमटीत फोडून बघितला, आत भुशाच्या काड्या जशाच्या तशा. ते मला काही बोलले नाहीत. बिल साडेचार हजार झालं. वहीत भुशाचे वाचवलेले चारशे आणि हे साडेचार हजार मी एकाखाली एक लिहिलेत.

तेव्हापासून रोज सकाळी आधी लीद मोजायची, मग चहा. घोड्याची तब्येत दिवसरात्रीच्या लिदीच्या ढिगांवर कळते. आमच्याकडे आठ-दहा ढीग म्हणजे सगळं ठीक. तीच लीद कुजवून दिंडोरीकडचा एक गुलाबवाला घेऊन जातो, त्यात नाल ठोकणाऱ्या नालबंदाचा खर्च निघतो. नाल महिना-सव्वा महिन्याने बदलावी लागते आणि नालबंद आता इतके थोडे उरलेत की त्यांच्या तारखा मिळणं मुहूर्त मिळण्यापेक्षा कठीण.

एका हिवाळ्यात ग्लँडर्सची तपासणी आली. हा घोड्यांचा जुना, जिवाणूंचा रोग, माणसालाही होतो. पक्का निघाला तर जनावर मारावं लागतं, भरपाई मिळते आणि त्या भागातल्या घोड्यांची ये-जा बंद होते. रक्त घेऊन गेले. संशय असला तर शेवटचा निकाल हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा. बारा दिवस मी मुलांना सुट्टी दिली, दोन लग्नं सोडली. खरं कारण सांगितलं, त्यातली तीन मुलं परत आली नाहीत. अहवाल निर्दोष आला, तो मी फ्रेम करून गोठ्यात लावलाय.

२०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवं, खेचरं, उंट आले, निम्मं भांडवली अनुदान, पन्नास लाखांपर्यंत, अशी बातमी वाचून नवरा कागद काढायला बसला होता. ते पैदाशीच्या मोठ्या कामांसाठी आहे. आमच्या एका घोडीला त्यात जागा नाही. त्याच वर्षी मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मुहूर्त जवळजवळ आटले. ओळखीच्या तीन घोडीवाल्यांनी जनावरं काढली. आमच्या वहीत त्या दोन महिन्यांत चार वराती आहेत आणि छत्तीस हजार मुलांच्या फीचे. मी ती वही आप्पांना दाखवली. त्यांनी या वेळी चष्मा लावला.

मैना आता बारा वर्षांची आहे. सब्जाचं आप्पांनी सांगितलं तसंच झालं, रेघोट्या पुसत पुसत गेल्या, आता फक्त गुडघ्यांवर आणि शेपटीत थोडी राखाडी उरली आहे. लोक नुकरा समजून जास्त देऊ करतात, मी सब्जा म्हणून सांगते आणि पैसे घेते. गेल्या महिन्यात आंघोळ घालताना शेपटीखाली हरभऱ्याएवढी काळी गाठ लागली. पांढऱ्या होत जाणाऱ्या घोड्यांना वय वाढलं की अशा गाठी येतात, बहुतेक हळूहळू वाढतात, असं डॉक्टर म्हणाले. मी दर महिन्याच्या एक तारखेला दोऱ्याने मापून लिहिते. नालबंदाच्या खर्चाखालचीच ओळ आहे.

हे लिहीत असताना मध्येच फोन आला. ओझरचं लग्न, सकाळचा परण्या, मारुती अर्ध्या किलोमीटरवर. बोलणारी नवरदेवाची बहीण होती. घोडी, छत्री, रेट सगळं झाल्यावर मी विचारलं.

"वजन?" ती हसली. "अठ्ठ्याऐंशी. पण लग्नापर्यंत कमी करतो म्हणालाय."

"लग्नाला किती दिवस आहेत?"

"अकरा."

मी तिला सांगितलं, जाताना घोडीवर, येताना चालत. ती म्हणाली विचारून सांगते. इसार अजून आलेला नाही, म्हणून तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.